हौदाशेजारची बादली

शेजारच्या लाभूमासींच्या ओट्यावर दोन काचेचे पेले ठेवले होते. एकात आमच्या गल्लीच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात केयूर नावाच्या विक्रेत्याने स्वतःच्या यंत्रातून गाळून आणलेलं. दिसायला दोन्ही सारखीच नितळ. केयूरने पिशवीतून एक डबी काढली. डबीच्या खाली धातूच्या चार कांड्या लोंबत होत्या, दोन एका पेल्यासाठी, दोन दुसऱ्यासाठी. त्याने ती डबी पेल्यांवर बसवली आणि तिची वायर खिडकीतल्या प्लगला जोडली.

“आता कोणी काही बोलू नका, मासी,” तो म्हणाला. “पाणीच बोलेल.”

रविवारची सकाळ होती, थंडीचे दिवस. अर्धी गल्ली शाली गुंडाळून ओट्याभोवती उभी होती. मीही होते. अर्ध्या मिनिटात बोअरच्या पाण्यात बुडबुडे यायला लागले. मग एका कांडीजवळून हिरवट धूर उतरावा तसा रंग उतरला. पाणी हिरवं झालं, गढूळ झालं, शेवटी विटकरी, आणि वर मळकट फेस जमला. शेजारचा पेला होता तसाच स्वच्छ.

“अरे माझ्या देवा!” लाभूमासी तोंडाला पदर लावून म्हणाल्या. “हे पितो आपण?”

“हे पितो, आणि ह्यातच डाळ शिजवतो,” केयूर म्हणाला. त्याने आवाज अगदी खाली आणला होता, आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसा.

कोपऱ्यावर वशरामभाईंचं फरसाण-गाठियाचं दुकान आहे. ते पुढे सरकले आणि पेल्यात वाकून बघायला लागले. “आधी हिरवं झालं ना? सगळ्यांनी पाहिलं ना? असं हिरवं पाणी जामनगरात मी एकाच प्रकारच्या जागी पाहिलंय.”

माझ्याकडे कोणी बघितलं नाही. सगळे पेल्याकडेच बघत राहिले, आणि त्यावरूनच मला कळलं की बोलणं कोणाबद्दल चाललंय.

आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. माझे सासरे दयालजी कंसारा तिथे तीस वर्षं पितळेवर निकेलचा मुलामा चढवायचं काम करत होते. गावातल्या कारखान्यांतून पितळेच्या पिना, स्क्रू, प्लगचे काटे यायचे. बापुजी ते तांब्याच्या तारांना टांगून निकेलच्या टाकीत सोडायचे आणि वीज चालू करायचे. टाकीतलं पाणी पोपटासारखं हिरवंगार. आणि गल्लीचा बोअर नेमका आमच्या शेडच्या भिंतीला लागून.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. मला वाटलं, बापुजी हसतील नाहीतर चिडतील. ते जेवत होते. बाजरीच्या रोटल्याचा तुकडा तसाच हातात राहिला.

“आधी हिरवं झालं की आधी विटकरी?” त्यांनी विचारलं.

“आधी हिरवं.”

“कांड्या कशाच्या होत्या?”

“मला काय कळतंय, बापुजी? धातूच्या. एक काळपट, एक पांढरी.”

“बरं,” ते म्हणाले आणि ताट अर्धं टाकून उठले. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती तेव्हा. माझे यजमान मस्कतला असायचे आणि सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघंच. बापुजींना ताट टाकून उठताना मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, सासूबाई गेल्या त्या दिवशी.

दुसऱ्या दिवसापासून गल्ली बदलली. दूधवाली आमच्या दारात थांबायची ती हाक न मारता दूध उंबऱ्यावर ठेवून जायला लागली. मी आदल्या दिवशी उडदाच्या पिठाचा अडदिया केला होता, दर थंडीत करते. त्याचा डबा लाभूमासींकडे दिला होता. तो संध्याकाळी परत आला. वरचा कागदसुद्धा हलला नव्हता.

“साखर वाढलीय गं माझी,” मासी दारातूनच म्हणाल्या.

“मासी, गेल्या वर्षी तर तुम्ही दोन डबे मागून नेले होते.”

“तेव्हा नव्हती वाढली.” मग त्यांनी हाताचे पंजे माझ्यापुढे धरले. बोटांच्या बेचक्यांत लाल पुरळ होतं. “हे बघ. दिवाळीपासून जात नाही. मी आजवर कोणाचं नाव घेतलं नव्हतं. आताही घेत नाही.”

वशरामभाई मात्र नाव घेत होते. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला गाठियाबरोबर बातमीही मिळत होती. केयूरने चार दिवसांत अकरा घरांत यंत्रं नोंदवली. बाकीच्यांसाठी येत्या रविवारी देवळाच्या चौकात पुन्हा एकदा सगळ्यांदेखत पाण्याची परीक्षा होणार, असं ठरलं.

मी गल्लीशी भांडायला तयार होते. पण माझं लक्ष घरातच अडकायला लागलं, कारण बापुजी विचित्र वागत होते.

सोमवारी त्यांनी काम बंद केलं. कारखानेवाल्यांना फोन करून सांगितलं, रेक्टिफायर जळलाय, आठ दिवस माल पाठवू नका. रेक्टिफायर म्हणजे टाकीला वीज पुरवणारी पेटी. मी दुपारी शेड झाडायला गेले आणि सहज बटण दाबून पाहिलं. पेटी नेहमीसारखी गुणगुणायला लागली, काटाही वर चढला. मी घाईने बंद केली. नऊ वर्षांत बापुजींच्या तोंडून मी एक खोटं ऐकलं नव्हतं. हे पहिलं.

मंगळवारी शेडमागच्या उघड्या हौदाजवळ एक बादली दिसली. मुलामा चढवलेला माल धुतला की ते धुवण ह्या हौदात जायचं. बापुजी त्यात चुना टाकायचे, निकेल गाळ होऊन तळाशी बसायचं, आणि हौद भरला की टँकर येऊन घेऊन जायचा. ही बादली हौदाच्या कडेला उन्हात ठेवली होती, काठोकाठ साध्या पाण्याने भरलेली. मी ती उचलायला गेले.

“हात लावू नकोस!” बापुजी शेडमधून ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “राहू दे तिथे. त्या बाजूला येऊच नकोस काही दिवस.”

“कशाला ठेवलीय?”

“असू दे.”

ते रोज सकाळी तिथे जायचे, वाकायचे, हौदाच्या भिंतीवर खडूने काहीतरी खूण करायचे आणि परत यायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. मनात नको ते यायला लागलं. गल्ली म्हणते तेच खरं असलं तर? हा माणूस तिथे काहीतरी झाकतोय, मिटवतोय? आणि मला लाज वाटायची, कारण मी ज्या बोअरचं पाणी पीत होते तेच तेही पीत होते. मग एक दिवस लक्षात आलं, ते आता ते पीत नाहीत. एक दिवसाआड नगरपालिकेच्या नळाला थोडंसं, गल्लीला न पुरणारं पाणी यायचं. ते त्यांनी वेगळ्या मडक्यात भरून ठेवलं होतं.

“इला, तूही ह्यातलंच पी,” ते म्हणाले. “बोअरचं जरा खारट लागतंय.”

बोअरचं पाणी तीस वर्षं खारटच होतं. समुद्र काही आज गावाजवळ आला नव्हता. मी मान हलवली आणि मडक्यातलं पाणी प्याले.

रविवारी चौकात खुर्च्या मांडल्या होत्या. केयूरने तीच डबी, तसेच दोन पेले काढले. बोअरचं पाणी पुन्हा हिरवं झालं, मग विटकरी. बायका हळहळल्या. तेवढ्यात मागून बापुजींचा आवाज आला. ते येतील असं मला वाटलंच नव्हतं.

“केयूरभाई, मला एक दाखवाल?”

गर्दी आपोआप दुभंगली. वशरामभाई म्हणाले, “या, या, दयालजीभाई. तुमचाच रंग बघायला जमलोय.”

बापुजींनी तिकडे लक्ष दिलं नाही. “हा स्वच्छ पेला तुमच्या यंत्रातला. बरोबर? ह्यात माझा काही हात नाही?”

“नाही, काका.”

“आणि हे घरातलं मीठ.” त्यांनी लाभूमासींना पुढे बोलावलं. “मासी, तुम्हीच आणा तुमच्या डब्यातलं. माझ्या हातचं नको.”

मासी घुटमळल्या, पण घरातून चिमूटभर मीठ घेऊन आल्या. बापुजींनी ते स्वच्छ पेल्यात टाकायला लावलं, ढवळायला लावलं. “आता वीज चालू करा.”

“काका, हे बरोबर नाही,” केयूर म्हणाला. “यंत्राच्या पाण्यात बाहेरचं काही टाकायचं नसतं.”

“आम्ही भाजीत घालतो तेच आहे रे,” कोणीतरी म्हणालं. “कर चालू!”

त्याने बटण दाबलं. यंत्राचं पाणी बोअरच्या पाण्यापेक्षाही लवकर फेसाळलं. हिरवं, मग विटकरी, मग वर मळीचे तुकडे.

“मीठ नसलेल्या पाण्यातून वीज नावापुरतीच जाते,” बापुजी म्हणाले, “म्हणून ते स्वच्छ दिसतं. क्षार असले की वीज वाहते. आणि ती वाहते तेव्हा एका कांडीचा धातू खात खात जाते. ही काळपट कांडी लोखंडाची आहे. हा हिरवा रंग लोखंडाचा. हवा लागली की तोच गंजतो आणि विटकरी होतो. पाण्यात आधी घाण होती म्हणून नाही, कांडी विरघळतेय म्हणून.” त्यांनी डबी उचलून उलटी केली. “बघा, खालून किती बारीक झालीय. अकरा घरांत दाखवून दाखवून झिजलीय. मी तीस वर्षं हेच करतोय, फक्त माझी कांडी निकेलची असते आणि समोर तुमच्या प्लगची पीन टांगलेली असते.”

मग जे व्हायचं ते झालं. केयूर म्हणत होता, “मला कंपनीने असंच शिकवलंय, मला खरंच माहीत नव्हतं.” मला तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही, पण ऐकतंय कोण! ज्यांनी यंत्रं नोंदवली होती ते त्याच्या अंगावर धावले. त्याला पावत्या फाडायला लावल्या आणि गल्लीबाहेर घालवलं. वशरामभाईंनी बापुजींच्या खांद्यावर हात टाकला.

“मी म्हणतच होतो, आपला दयालजी असं करणार नाही!”

“तुम्ही कधी म्हणत होता?” मी विचारलं.

“मनात म्हणत होतो, बेन. मनात.”

संध्याकाळी गरम गाठिया आले, चटणी आली, तळलेल्या मिरच्या आल्या. लाभूमासी अडदियाचा डबा स्वतःहून मागून घेऊन गेल्या. बापुजींनी कशाला हात लावला नाही. नळाच्या मडक्यातलं पाणी प्याले आणि मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसले.

मी त्यांच्यामागे गेले. आठवडाभर मनात जे साचलं होतं ते बाहेर आलं.

“बापुजी, मी कांड्या कशा होत्या ते सांगितलं, तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना, हा खेळ आहे म्हणून?”

“तेव्हाच कळलं.”

“मग आठ दिवस गल्लीच्या शिव्या का खाल्ल्या? त्याच दिवशी जाऊन चिमूटभर मीठ का नाही टाकलं? आणि पेटी बिघडलेली नव्हती. मी चालू करून पाहिली.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चोरी पकडल्यासारखे ते कसनुसे हसले. “तू हिरवं म्हणालीस ना, तेव्हा मला आधी ती कांडी आठवली नाही. हौद आठवला.”

मग त्यांनी सांगितलं. पूर्वी दर पंधरा दिवसांनी टँकर बोलवावा लागायचा. दिवाळीपासून महिना महिना लागत नव्हता. काम तेवढंच होतं, पाणी तेवढंच पडत होतं, मग हौद भरत का नाही? ऊन खातंय, वारा खातोय, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. दोन महिने समजावत होते. केयूरचं ऐकल्यावर मात्र ते समजावणं तुटलं. म्हणून काम बंद केलं, हौदात नवं पाणी पडू नये म्हणून. आणि बादली ठेवली, उन्हाने किती पाणी उडतं ते कळावं म्हणून. बादलीलाही तेच ऊन, हौदालाही तेच.

“आणि?”

“बादली दीड बोट उतरलीय,” ते म्हणाले. “हौद पाच बोटं.”

मी त्यांच्या शेजारी खाली बसले. आतून गाठियाचा वास येत होता.

“आज चौकात बोलताना मला वाटत होतं, मी थांबूच नये,” ते म्हणाले. “सगळे माझ्याकडे कसे बघत होते पाहिलंस? त्या पोराला खोटं पाडलं की मी खरा ठरतो, असं झालं होतं. मी त्यांना तसं वाटू दिलं.”

दुसऱ्या दिवशी टँकर बोलावून हौद रिकामा केला. गाळ उपसला. बोअरच्या बाजूच्या कोपऱ्यात, तळापासून वीतभर वर, भिंतीला आडवी चीर होती. नख जाईल एवढीच. पण आतलं सिमेंट फिकट हिरवं झालं होतं, आणि त्यामागची माती ओली होती.

त्याच दुपारी त्यांनी बोअरच्या पाण्याची बाटली भरून, सील करून राजकोटच्या प्रयोगशाळेत पाठवली. अहवाल येईपर्यंत थांबायला मी सुचवलं. कदाचित काही निघणारही नाही, उगाच कशाला? ते म्हणाले, “तोवर लाभूबेन काय पितील?” आणि चपला घालून निघाले.

देवळाच्या चौकात त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं. हौदाला चीर आहे, बोअरचं पाणी पिऊ नका, चूक माझी आहे.

मला वाटलं होतं, ओरडा होईल. झालं ते भलतंच. कोणी विश्वासच ठेवला नाही.

“काल तुम्हीच सिद्ध केलंत, पाणी चांगलं आहे!” वशरामभाई म्हणाले.

“ते यंत्रवाल्याचं दाखवणं खोटं होतं, असं मी सिद्ध केलं. पाण्याबद्दल मी काहीच बोललो नव्हतो.”

“वा! काल एक, आज एक. त्या केयूरने काही देऊ केलंय का तुम्हाला? त्याला पळवलं, आता त्याचीच यंत्रं तुमच्या हाताने खपवायची?”

“वशराम, माझं नाव खराब करून मला काय मिळणार?”

“तेच तर मला कळत नाहीये!” वशरामभाई डोळे बारीक करून म्हणाले. “फायदा नसताना कोण स्वतःवर ओढून घेतं? आणि उद्या बाजारात बातमी गेली की वशरामचं पीठ कसल्या पाण्यात मळलंय, तर माझ्या दुकानात कुत्रं फिरकेल का?”

लाभूमासी पुढे आल्या. त्यांनी विचारलं, “दयालजीभाई, ते यंत्र होतं ना, त्यातून हे निकेल गेलं असतं का गाळून?”

मला वाटलं, एवढं तरी बापुजी टाळतील.

“बरंचसं गेलं असतं,” ते म्हणाले. “माल त्याचा ठीक होता. दाखवायची रीत खोटी होती.”

“म्हणजे तुम्ही नसता आलात, तर मी आज चांगलं पाणी पीत असते.”

“हो.”

मासींनी पदर खोचला आणि घरात गेल्या. दार जोरात लागलं.

बोलून उपयोग नाही म्हटल्यावर बापुजींनी बोअरच्या मोटरचे फ्यूज काढून खिशात टाकले. मोटरचा डबा आमच्याच भिंतीवर होता. मग मात्र खरा ओरडा झाला. दहा दिवस लोक पलीकडच्या गल्लीतून हंडे वाहत होते आणि येताजाता आमच्या दारासमोर थांबून मोठ्याने बोलत होते. बापुजीही त्यांच्यात हंडे वाहायचे, लाभूमासींचा आधी, आमचा नंतर. मासी हंडा घ्यायच्या, बोलायच्या नाहीत. चौसष्टाव्या वर्षी बापुजींची पाठ धरली. मी कितीदा म्हटलं, मी नेते. त्यांनी ऐकलं नाही.

अकराव्या दिवशी राजकोटहून कागद आला. पाण्यात निकेल होतं, चालू शकतं त्याच्या तिप्पट. बापुजींनी तो कागद वशरामभाईंच्या हातात दिला. वशरामभाईंनी तो दोनदा वाचला, मागच्या बाजूला काही लिहिलंय का तेही पाहिलं. मग म्हणाले, “शिक्का खरा आहे ना हा?” पण आवाजात जोर नव्हता. त्या दिवशी त्यांनी पीठ मळलं नाही.

मासींच्या हातावरचं पुरळ त्या पाण्यानेच आलं होतं का, ते डॉक्टरही ठाम सांगू शकले नाहीत. म्हणाले, निकेलने असं होऊ शकतं, साबणानेही होऊ शकतं. उन्हाळ्यापर्यंत ते गेलं. मासी एक दिवस येऊन हात दाखवून गेल्या, फक्त दाखवले, बोलल्या काही नाही.

बापुजींनी शेड बंद केली. हौद फोडला, चिरेमागची माती माणूसभर खोल खणून काढली, ती रीतसर विल्हेवाटीला पाठवली. निकेलच्या टाक्या विकून आलेला पैसा त्यातच गेला. मग ते गावाबाहेरच्या एका मोठ्या कारखान्यात मुलाम्याचे कारागीर म्हणून नोकरीला लागले. तिथे धुण्याचं पाणी शुद्ध करायची वेगळी सोय होती. पहिल्याच आठवड्यात मालकाने त्यांना हसत हसत सांगितलं, म्हणे, दयालजीकाका, तुम्ही माल कमी आणि आमचे हौद जास्त तपासता.

बोअर बंदच होता, गल्ली पलीकडूनच पाणी आणत होती. तेवढ्यापुरते फ्यूज लावून भरलेली बोअरच्या पाण्याची बाटली दर चार महिन्यांनी राजकोटला जात राहिली. आकडा हळूहळू उतरत होता. पाचव्या खेपेला कागद ठीक आला. वशरामभाईंनी त्याची प्रत काढून दुकानात गाठियाच्या परातीमागच्या भिंतीवर चिकटवली, आणि संध्याकाळी लाभूमासींना पुढे घालून आमच्या दारात आले.

“आता लावा फ्यूज,” मासी म्हणाल्या. त्या घटनेनंतर त्या बापुजींशी पहिल्यांदाच बोलत होत्या. “आता तर कागदही सांगतोय.”

“एक कागद सांगतोय,” बापुजी म्हणाले. “अजून एक बाटली पाठवू. दुसऱ्या प्रयोगशाळेत.”

“अहो, किती संशय घ्यायचा माणसाने!” वशरामभाई वैतागून म्हणाले.

लाभूमासींनी कोनाड्यातली रिकामी बाटली उचलली, पदराने पुसली आणि बापुजींच्या हातात दिली.